वाद आणि वितंडवाद यांत फरक काय? वादविवाद स्पर्धेची तयारी अशी करा

समजा, रत्नागिरीतल्या एका कॉलेजात विषय लागला: 'कोकणच्या विकासासाठी मोठे औद्योगिक प्रकल्प हवेत.' चिठ्ठीत तुम्हाला प्रतिकूल बाजू आली, पण मन अनुकूल बाजूचं आहे. मग बोलायचं काय?

वक्तृत्व आणि वादविवाद एकच का?

नाही. वक्तृत्वात आपलं म्हणणं मांडलं की काम झालं. वादविवादात समोरच्याच्या मुद्द्याला उत्तरही द्यावं लागतं. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, काहीही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. 'वितंडवाद' शब्द याच वितंडेतून आला.

तयारी कशी करायची?

कागदाच्या मधोमध रेघ ओढा. एका बाजूला नोकऱ्या आणि मुंबईकडे रिकामी होणारी गावं. दुसऱ्या बाजूला जमीन, मासेमारी, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हापूस आणि 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेली कोकणातली कातळशिल्पं. आधी विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा लिहा. जुने शास्त्रकार यालाच पूर्वपक्ष म्हणत. त्याला उत्तर सापडलं, तरच तुमची बाजू उभी राहते.

आकडा सांगताना तो कुठला आणि कोणत्या वर्षाचा, हे माहीत हवं. व्हॉट्सॲपवर आलेला आकडा तपासल्याशिवाय वापरू नका.

व्यासपीठावर काय करायचं?

तीनच मुद्दे घ्या, प्रत्येकाला एक उदाहरण द्या. समोरचा बोलत असताना त्याचे शब्द टिपून घ्या. 'आपण म्हणालात की...' अशी सुरुवात करून त्याचंच म्हणणं खोडा. टीका मुद्द्यावर करा, माणसावर नको.

मतभेद झाले की मैत्री संपते का?

रत्नागिरीत जन्मलेले टिळक आणि त्यांचे मित्र आगरकर यांचा वाद डेक्कन कॉलेजपासूनचा: आधी राजकीय स्वातंत्र्य की सामाजिक सुधारणा? 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढतानाही तो थांबला नाही. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढलं. संबंधांत कटुताही आली. पण त्या वादामुळे दोन्ही बाजू महाराष्ट्रासमोर नीट मांडल्या गेल्या.

प्रकल्पांवरून आज कोकणात एकाच घरात दोन मतं असतात. समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडता येण्याची सवय तिथेही कामी येते.