भिन्न गरजांचे विद्यार्थी आणि आपले अध्यापन

मंडळीतील एखादा तरुण आपल्याला सेवाकार्याचे पाचारण झाल्याचे सांगत पाळकांकडे येतो. त्याचे आचरण व प्रार्थनाशीलता सर्वांच्या परिचयाची असते. परंतु त्याला अंधुक दिसते, किंवा कमी ऐकू येते, किंवा लेखन अशुद्ध म्हणून शालान्त परीक्षेत त्याचे गुण गेलेले असतात. त्याची शिफारस देवविद्यालयाकडे करावी काय? उत्तर बहुधा नकारार्थी असते, आणि 'त्याला झेपणार नाही' असे ते दयाबुद्धीनेच दिले जाते. आमच्या मते येथे अर्धाच प्रश्न विचारला जातो. त्याला झेपेल काय, याबरोबरच आपल्याला त्याला शिकवता येईल काय, हेही विचारले पाहिजे.

या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व हैदराबादच्या इतिहासावरून ध्यानात येते. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले व उर्दू हे त्याचे माध्यम ठरले. वैद्यक, विज्ञान व कायदा भारतीय भाषेतून शिकवता येतो, हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले. परंतु त्या वेळी मराठवाडाही निजामाच्या राज्यात होता. मराठी, तेलुगू किंवा कन्नड घरातील विद्यार्थ्याला विषयाला हात घालण्यापूर्वी भाषेची चढण चढावी लागे. त्याची बुद्धी उणी नव्हती. त्याची वाट मात्र लांब होती. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, आणि ती चढण उर्दू घरातील मुलांच्याही वाट्याला आली. आज त्याच शहरात आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज आहे. अनेक मंडळ्यांनी मिळून १९६४ साली राजमहेंद्रीस स्थापलेले हे विद्यालय १९७३ साली हैदराबादेत आले. अशा संयुक्त विद्यालयांच्या वर्गात भाषा, पूर्वशिक्षण व शिकण्याची रीत ही सर्वांची सारखी असेल, असे गृहीत धरता येत नाही.

भाषेविषयी जे खरे, ते इतर गरजांविषयीही खरे आहे. मात्र त्या गरजांत आपण नीट भेद केला पाहिजे. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी कार्य करते. डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन-अक्षमता ही त्याहून निराळी आहे. तिच्यात बुद्धी शाबूत असते. अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणे मात्र कष्टाचे जाते. असा विद्यार्थी तोंडी चर्चेत पुढे असतो व उत्तरपत्रिकेत मागे पडतो. त्याला आळशी ठरवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

पवित्र शास्त्राचा आधार घेऊन कोणी म्हणेल की लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात व्यंग असलेल्या अहरोनवंशीयाला वेदीजवळ जाण्यास मनाई आहे. हे खरे आहे. परंतु त्याच अध्यायात परमपवित्र अन्न खाण्याचा त्याचा हक्क कायम ठेवला आहे, आणि प्रभूने मेजवानीच्या दाखल्यात लंगड्या व आंधळ्या लोकांनाच आत बोलावले. वेदीसेवेला बाधक असे शारीरिक व्यंग रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेत दीक्षेस अडथळा मानले होते. १९८३ च्या संहितेत तो अडथळा उरला नाही. मोशेने आपण जड जिभेचे असल्याचे सांगितले, तेव्हा देवाने त्याचे पाचारण मागे घेतले नाही, तर अहरोन सोबतीला दिला. परीक्षेत लेखनिक देणे ही याच जातीची मदत आहे.

देशाचा कायदाही या दिशेने पुढे आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या अक्षमता गणल्या असून विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी किमान ५ टक्के जागा राखाव्यात, असे त्यात म्हटले आहे. परीक्षेसाठी वाढीव वेळ व लेखनिक यांचाही उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे असतो. अनुदान न घेणाऱ्या विद्यालयावर राखीव जागांचे बंधन नसेल. पण इतरांना जे कायद्याने करावे लागते, ते मंडळीने प्रीतीने करण्यात मागे राहू नये.

प्रत्यक्षात काय करावे? पाठाची टिपणे आगाऊ द्यावीत, म्हणजे सावकाश वाचणाऱ्याला तयारी करता येईल. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचावे, आणि मोठ्याने सांगितलेले थोडक्यात फळ्यावर लिहावे. पहिल्याने दृष्टिहीनाची व दुसऱ्याने कर्णबधिराची सोय होते. ओठांच्या हालचालीवरून समजून घेणारा विद्यार्थी असेल, तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ग्रंथ ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळवावेत. प्रबंधाऐवजी तोंडी परीक्षा घेता येईल तेथे ती घ्यावी. यांतील पुष्कळशा गोष्टींना खर्च नाही, आणि त्यांचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लेवी नियमशास्त्र वाचून थांबले नाहीत. लोकांना समजावे म्हणून त्यांनी अर्थही सांगितला.

यामुळे शिक्षणाचा दर्जा उतरेल, अशी शंका काढली जाते. आमचे म्हणणे असे की परीक्षा कशाची घ्यावयाची, हे आधी ठरवावे. रोमकरांस पत्रातील नीतिमत्त्वाचा विचार विद्यार्थ्याला कळला काय, हे पाहावयाचे असेल, तर तो विचार त्याने लिहून सांगितला की बोलून, याने फरक पडत नाही. समजाची अपेक्षा सर्वांकडून सारखीच ठेवावी. ती पुरी करण्याच्या वाटा मात्र अनेक असाव्यात.

पाळक व उपदेशक यांचे काम विद्यालयाच्याही आधी सुरू होते. उपासनावर्गात आणि दृढीकरणाच्या तयारीत कोण मागे राहतो आणि का, हे त्यांनाच प्रथम दिसते. शिफारसपत्रात उमेदवाराच्या गुणांबरोबर त्याची गरजही स्पष्ट लिहावी, आणि ती कशी भागवणार हे विद्यालयास विचारावे. ज्याला देवाने बोलावले, त्याला केवळ आपल्या अध्यापनपद्धतीपायी परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.