शिकलेली अक्षरे टिकावीत म्हणून

मूल शाळेत घातले, त्यास अक्षरओळख झाली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पुष्कळ पालकांस वाटते. परंतु क्रमिक पुस्तकावाचून दुसरे काही हाती पडले नाही, तर शिकलेली अक्षरेही काही वर्षांत पुसट होतात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

ही गोष्ट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी फार पूर्वी ओळखली. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली ते दत्तक गेले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते, व तोवर शिक्षण असे झालेच नव्हते. पुढे १९०६ साली त्यांनी सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तथापि शाळा सुटल्यावर पुस्तकही सुटले तर हा सारा खटाटोप व्यर्थ, हे जाणून त्यांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले व त्यात मुलांकरिता निराळी सोय झाली. खेड्यांकरिता लाकडी पेट्या निघाल्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावी जाई, वाचून झाली की परत येई, व दुसरी रवाना होई. आमच्या मते मध्यवर्ती इमारतीपेक्षा या पेटीचेच मोल अधिक.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. उच्च शिक्षण उर्दूतून चाले. अशा काळी मराठी वाचनालय चालविणे ही केवळ हौस नव्हती; मातृभाषेस आसरा देणे होते. पुढे हैदराबाद राज्यात १९५५ साली, व महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामुळे मान्यताप्राप्त वाचनालयांस सरकारी अनुदान मिळू लागले. पण अनुदानाने पुस्तके येतात, मुले येत नाहीत. सायंकाळी वडीलधारी मंडळी वर्तमानपत्रे चाळीत बसलेली, आणि गोष्टींची पुस्तके कुलूपबंद कपाटात, तीही वरच्या फळीवर! तेथे आठ वर्षांच्या मुलाने जावे तरी कशाला?

पुस्तक फाटेल ही भीती आम्हांस समजते. मात्र फाटलेले पुस्तक निदान कोणी वाचलेले असते. मुलांची पुस्तके त्यांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत, निवड त्यांची त्यांस करू द्यावी व पुस्तक घरी नेऊ द्यावे. ज्या मातापित्यांस वाचता येत नाही, त्यांनी रात्री मुलाकडून एखादी गोष्ट मोठ्याने वाचवून घ्यावी. ऐकणारे कोणी आहे असे दिसले म्हणजे मूल अडखळत का होईना, वाचते.

सर्वांत कठीण प्रश्न आहे तो ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांचा. गंगाखेड, सोनपेठ या बाजूची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले बरोबर गेली की शाळा तुटते, व इतक्या महिन्यांत दुसरीतले मूल जोडाक्षरे विसरते. गावचे वाचनालय तर त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. पेटी मात्र जाऊ शकते. पंचवीस-तीस पातळ, मोठ्या टाइपाची पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून मुकादमाच्या हवाली करावी, आणि टोळीतील एखाद्या सातवी-आठवीच्या मुलीस तिची किल्ली द्यावी. खर्च फारसा नाही.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी वाचून झालेली गोष्टींची पुस्तके पडून असतील, त्यांनी ती दिवाळीच्या सुटीपूर्वी आपल्या वर्गशिक्षकांकडे आणून द्यावीत. मुखपृष्ठ नसले तरी चालेल. पाने मात्र पुरी असावीत.