‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द आणि इंधनाचा हिशेब

बदलापूरच्या पूर्वेकडील खरवई येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथे दुचाकीने कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने पेट्रोल हा रोजच्या खर्चाचा भाग होय. त्याविषयी बोलताना ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ असा प्रश्न आपण सर्वत्र विचारतो. या प्रश्नाची शब्दयोजना विचारात घेण्यासारखी आहे.

‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी. मराठी बोलण्यात मात्र त्यास ‘एका लिटरात तोडलेले अंतर’ असा संकुचित अर्थ प्राप्त झाला. १९५६च्या कायद्यान्वये दशमान मापे स्वीकारली गेली व मैल मागे पडला, तरी ‘मायलेज’ हा शब्द टिकून राहिला; त्यातलाच हा प्रकार. शिवाय ‘देते’ या क्रियापदामुळे तो आकडा गाडीचा अंगभूत गुण वाटू लागतो आणि सरासरीस अनेक नोंदी लागतात याचा विसर पडतो.

पंपावर आपण ‘शंभराचे टाका’ असे म्हणतो. मागणी रुपयांत, तक्रार किलोमीटरांत. मधले लिटर कोणीच लिहून ठेवीत नाही. यावर उपाय सोपा आहे. टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी व मीटरवरील किलोमीटर लिहून घ्यावेत. पुढील खेपेस सपाट जागी, गाडी त्याच रीतीने उभी करून, त्याच खुणेपर्यंत भरावी. मधले अंतर १८० किलोमीटर व भरलेले पेट्रोल ४ लिटर असल्यास उत्तर ४५ येते. खूण अगदी तोंडाशी नसावी. उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या पेट्रोलास जागा हवी.

एवढ्यावर थांबू नये. ४ लिटरांत पाव लिटराची चूक झाली, तर उत्तर सुमारे ६ टक्क्यांनी चुकते. पाच खेपांचे २० लिटर व त्यांचे एकूण अंतर एकत्र घेतल्यास तीच चूक सव्वा टक्क्यावर येते. खरी सरासरी ती हीच.

हा भेद किरकोळ नव्हे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने उष्णता ६ ते ७ टक्क्यांनी घटते. एकाच खेपेच्या हिशेबातील चूक जवळजवळ तेवढीच असल्याने, दोष इंधनाचा की मापनाचा, हे त्यावरून ठरविता येत नाही.

पहाटेच्या गारव्यात पेट्रोल भरावे, या समजुतीचाही असाच हिशेब करता येतो. तापमानात एका अंशाचा फरक पडल्यास पेट्रोलचे आकारमान सुमारे ०.१ टक्क्याने बदलते. ५ अंशांचा फरक धरला, तरी ५ लिटरांत लाभ २५ मिलिलिटरांचा; आणि पंपाच्या टाक्या जमिनीखाली असल्याने दिवसभरात एवढाही फरक सहसा पडत नाही. मापाविषयी शंका असल्यास पंपावरील ५ लिटरांचे प्रमाणित माप मागून पडताळा घ्यावा.

टाकी भरण्याच्या पद्धतीने गाडी अधिक धावत नाही, हे खरे. परंतु नोंदीतील आकडा सतत घसरू लागला, तर चाकांतील हवा, साखळी, ब्रेक यांकडे वेळीच लक्ष जाते, आणि बचत होते ती तेथे. तेव्हा ‘किती देते?’ या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी ‘किती नोंदींवरून?’ असे विचारण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.