जीए डिपिंगचा दिवस

सकाळी ६. डिसेंबर. निफाडकडची थॉम्पसन द्राक्षांची बाग, पानांवर दव. घडातल्या मण्यांना कॅलिपर लावतो. तीन ते चार मिमी. म्हणजे पहिलं डिपिंग आजच.

७. १०० लिटर पाण्याला ४ ग्रॅम जिबरेलिक ॲसिड (जीए), म्हणजे ४० पीपीएम. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ॲसिटोनमध्ये. विहिरीचं पाणी क्षारांचं. त्यात जीएची ताकद जाते. सायट्रिक ॲसिड टाकून सामू सहाच्या खाली आणला.

८. पेठ-सुरगाण्याची टोळी ओळींत शिरली. घड मगात पूर्ण बुडवायचा, काढला की हलकेच झटकायचा. मण्याच्या टोकाला थेंब लोंबकळत ठेवायचा नाही.

१०. चहा. "दादा, एवढ्याशा औषधानं मणी फुगतो कसा?" टोळीतल्या मावशींनी विचारलं. ब्लेडनं एक मणी उभा चिरून दाखवला. आत दोन पांढुरके, मऊ ठिपके. "ही बी. धरली, पण आतला गर्भ वाढलाच नाही. बीच्या द्राक्षात फळ फुगवणारी संप्रेरकं बीच पुरवते. आपल्याकडे ती अर्ध्यावर थांबली, म्हणून आपण मगातून देतो."

"म्हणजे बीचं काम आमच्या अंगावर!" मावशी हसल्या.

११. ऊन चढलं. द्रावण घडावर लगेच वाळतं, शोषलं जात नाही. काम बंद.

दुपारी १. जेवताना पोरगं अभ्यासातलं सांगत होतं. १९२६ मध्ये जपानच्या कुरोसावांनी दाखवलं, की भाताची रोपं उंचच उंच वाढवणारा रोग एका बुरशीच्या स्रावामुळे होतो. जिबरेलिन पुढे त्याच बुरशीतून मिळालं. १९५० मध्ये निच या शास्त्रज्ञांनी स्ट्रॉबेरीवरच्या बिया खुडल्या, तर फळाची वाढ थांबली; ऑक्झिन लावलं, ती पुन्हा सुरू झाली.

४. उरलेल्या ओळी.

६. वहीत प्लॉट, मात्रा, सामू टिपला. शेजारचे अण्णा बांधावरून म्हणाले, "साठ कर की, माल जाड होईल." मी नाही म्हटलं. मात्रा वाढली की घडाचा दांडा लाकडासारखा कडक होतो, मणीगळ वाढते, पुढच्या हंगामाच्या डोळ्यांत घडही कमी निघतात. बी स्वतः मोजून देते. आपल्याला तराजू लागतो. मणी सहा-सात मिमीला आले की दुसरं डिपिंग, ३० पीपीएमचं.