रस्ता आणि शेजार

संस्कृतांत ‘सेतु’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक पूल, दुसरा बांध. जोडणारी वस्तु तीच आणि अडविणारीहि तीच! वर्गांत हें सांगतांना मुलें हंसत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागांतल्या एका मोटार-रस्त्याची हकीकत वाचल्यापासून मला मात्र हंसूं येत नाहीं.

क्रॉस-ब्राँक्स एक्सप्रेसवे हें त्या सहापदरी रस्त्याचें नांव. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेप्रमाणें १९४८ सालीं त्याचें काम सुरू झालें. वाटेंत ईस्ट ट्रेमाँट ही वस्ती होती. तेथें बहुतेक ज्यू कुटुंबें राहत. दुकानें, शाळा, बाग, आप्तांचीं घरें सारीं पायीं जाण्याजोगीं. १९५२ च्या डिसेंबरांत त्यांच्या हातीं पत्रें पडलीं, कीं नव्वद दिवसांत जागा सोडावी. एका मैलांत १,५३० कुटुंबें उठावयाचीं होतीं. गृहिणींनीं सभा भरविल्या. क्रोटोना पार्कच्या कडेनें दुसरा मार्ग सुचविण्यांत आला. त्यांत अवघ्या १९ कुटुंबांना हलावें लागलें असतें. पण मोझेस बधले नाहींत. विशेष हें, कीं या गृहस्थांना स्वतःला मोटार हांकतां येत नव्हती! रॉबर्ट कॅरो यांनीं १९७४ सालच्या ‘द पॉवर ब्रोकर’ या ग्रंथांत हें सर्व सविस्तर दिलें आहे.

उठले त्यांचें दुःख कोणासहि कळतें. मागें राहिले त्यांचें चटकन् ध्यानांत येत नाहीं. समोरचें घर दिसतें. पण मध्यें मोटारींनीं भरलेला खोल चर. पूल गांठावा, धूर नि गोंगाट सोसावा, तेव्हां पलीकडे पाऊल पडणार. असें किती दिवस कोण जाईल?

नुसत्या रहदारीनेंहि काय होतें, तें डोनाल्ड ॲपलयार्ड यांनीं सॅन फ्रान्सिस्कोंत मोजलें. १९६९ च्या सुमारास त्यांनीं तीन सारख्या रस्त्यांवरील रहिवाशांना विचारलें, कीं याच रस्त्यावर तुमचे मित्र किती? दिवसाला सुमारें २,००० मोटारी जात तेथें सरासरी ३. सुमारें १६,००० जात तेथें ०·९. म्हणजे पुरता एकहि नाहीं.

माझ्या थोरल्या भगिनी आमच्या गांवच्या हमरस्त्यापलीकडे राहतात. पूर्वीं संध्याकाळीं ताकाचा तांब्या घेऊन त्या सहज येत. आतां मध्यें दुभाजक झाला आहे, आणि पादचारी पुलाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहींत. आमच्या गच्चीवरून त्यांचें तुळशीवृंदावन दिसतें. वळसा घालून नेण्यास रिक्षावाला चाळीस रुपये घेतो.