कोहळी, तलाव आणि ऊस

आमचे घुग्घुस वर्धा नदीच्या काठचे. जमीन काळी, पिके कापूस, तूर, ज्वारी. आणि १८७० च्या सुमारास येथे खाण निघाल्यापासून गावाचे नाव कोळशाशीच जडले. या जिल्ह्यातील उसाची जुनी परंपरा पाहावयाची तर पूर्वेस सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या धानपट्टीत गेले पाहिजे. तेथील कोहळी लोकांनी तलाव बांधले ते मुख्यतः उसासाठी.

चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेत या लोकांचे कसब पाहून त्यांस इकडे आणिले, अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा राजांचा शिरस्ता होता. अशा देणगीस तुकूम म्हणत. शेजारच्या भंडारा मुलखातील (१९९९ पासून गोंदिया जिल्हा) नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. टेकड्यांमधील खिंडी पाळींनी बुजवून केलेले ते काम सुशिक्षित इंजिनियरानेही पाहावे असे आहे.

आता उसाचे पाहा. धानास पावसाची ओढ बसली म्हणजे एकदोन पाणी पुरे. कापणीनंतर तलाव आटला तरी बिघडत नाही. उसास मात्र वैशाखातही पाणी लागते. सबब तलाव नुसता पसरट असून भागत नाही, खोल असावा लागतो. गाळ साचू लागला की पहिला बळी उसाचा जातो. धान आणखी कैक वर्षे तग धरतो, म्हणून तलाव बिघडल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमची हयात महसुली दप्तरात गेली. पाण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात नमूद असत, व त्या पाळवून घेणारा मालगुजार गावातच असे. तो सारेच न्यायाने करी असे नव्हे. वेठीच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. पाण्यावरील हक्क कायम राहिले. गाळ कोणी काढावयाचा, एवढेच निराधार राहिले. पाण्याचा हक्क सांगणारे पुष्कळ, टोपली उचलणारा कोणी नाही!

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना चालू झाली. उपशाचा हिशेब घनमीटरांत होतो, तो होवो. आमची सूचना एवढीच की, ज्या तलावाचा गाळ निघाला त्याच्या तुडुमाखाली पाच-दहा गुंठे ऊस लावून पाहावा, आणि वैशाखात तो हिरवा आहे की नाही हे गावाने स्वतः जाऊन पाहावे.