वाटपाच्या दाव्यात सुटलेली नावं

वाटपाचा दावा घेऊन पक्षकार आला की मी त्याचा सातबारा बाजूला ठेवते आणि आधी वंशावळ काढायला बसते. ज्याच्या नावावर मिळकत होती, त्याच्यापासून खाली. मुलगे भराभर सांगितले जातात.

‘बहिणी किती?’

‘तीन. पण त्यांचं काही म्हणणं नाही, मॅडम. साडीचोळी वेळच्या वेळी होते.’

‘आणि आई?’

‘ती आमच्याकडेच असते की.’

दावा पांगळा होतो तो इथे. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर १९५६ च्या वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद झाली. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं नसेल, तर तिला वगळून हिस्से मांडताच येत नाहीत. तिला खरंच काही नको असेल, तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र द्यावं लागतं. तोंडी नकाराला कोर्टात किंमत नाही.

पक्षकार कमी किंवा जास्त झाले म्हणून दावा फेटाळू नये, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते खरी. पण ज्याच्याशिवाय निकाल देता येत नाही असा आवश्यक पक्षकार सुटला असेल तर ही सवलत नाही, असं १९७६ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट घातलं. त्याआधीही न्यायालयांची भूमिका तीच होती. कनकरत्नम्माळ यांचा खटला आम्हा वकिलांच्या तोंडी कायम असतो. त्यात भाऊ वगळले होते बहिणीने. मिळकत आईची ठरली, म्हणजे भाऊही वारस ठरले. आणि ते दाव्यात नव्हते म्हणून बाई सर्वोच्च न्यायालयात हरल्या. हरकत सुरुवातीलाच घेतली गेली होती, तेव्हाच भावांची नावं घातली असती तर निकाल या मुद्द्यावर गेला नसता.

याच्या उलट, काही जण दाव्यात सगळं गाव गोळा करतात. भावांच्या बायका, नातवंडं, भाडेकरू, बांधाचा शेजारी. वाद भावाभावांत असेल तर प्रत्येक शाखेचा प्रमुख बहुधा पुरतो. जास्तीच्या प्रत्येक नावाचं समन्स बजवावं लागतं, पत्ता चुकला की बेलिफ परत येतो, तारीख पुढे जाते. त्यातलं कुणी वारलं की नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घेण्याची धावपळ वेगळीच. अशी नावं कमी करण्याचा अर्ज कोणत्याही टप्प्यावर देता येतो, आणि तो द्यायला वकिलाने कमीपणा मानू नये.

पण मला जास्त वाईट वाटतं ते वगळलेल्यांचं. दर वेळी लबाडी नसते, भीड असते. बहिणीला ‘प्रतिवादी’ कसं करायचं, तिच्या सासरी कोर्टाचा कागद कसा धाडायचा, म्हणून भाऊ तिचं नावच घेत नाही. त्याला मी सांगते, वाटपाच्या दाव्यात प्रत्येक जण आपल्या हिश्श्यापुरता वादीच असतो. प्रतिवादी बहिणीलाही कोर्ट फी भरून आपला हिस्सा वेगळा करून मागता येतो. समन्स पोचायच्या आधी तू स्वतः जा, दाव्याची प्रत तिच्या हातात दे, कशाचा कागद आहे ते समजावून सांग.

असाच एक भाऊ गेला. पुढच्या तारखेला बहीण स्वतः कोर्टात आली, आणि वंशावळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘थोरल्या काकांची पहिल्या घरची मुलगी कुठे आहे यात?’ भावाला ती आठवतही नव्हती. बहिणीकडे तिचा पत्ता होता. मुद्दे निघायच्या आत आम्ही तिला पक्षकार करण्याचा अर्ज दिला.